कॅपॅसिटर गेला, बोर्ड आला: पंखा, फ्रिज, मिक्सर, इंडक्शन घेताना

सध्या उपकरणांच्या दुकानात शिरलं की तीन शब्द सतत कानावर पडतात: इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारी मोटार), बीएलडीसी (कार्बन ब्रश नसलेली डीसी मोटार) आणि स्मार्ट. पंख्यापासून चिमणीपर्यंत सगळ्यांवर यातलं एखादं स्टिकर असतंच. तिसऱ्या शब्दाकडे खुशाल दुर्लक्ष करा. मोबाइलवरून पंखा लावता येणं ही चैन आहे, आणि यातली बहुतेक यंत्रं २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात. राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर ठेवला असेल तर ती जोडलीच जात नाहीत. पहिले दोन शब्द मात्र पोकळ नाहीत. घरातल्या जवळजवळ प्रत्येक फिरत्या यंत्राची मोटार बदलत चालली आहे, आणि त्यात वीज खरोखर वाचते. पण मोटारीसोबत बिघाडाची जागाही बदलली. पूर्वी कॅपॅसिटर, कार्बन ब्रश किंवा बुश जायचं आणि कोपऱ्यावरचा मिस्त्री शे-दोनशेत काम करून द्यायचा. आता इलेक्ट्रॉनिक बोर्ड उडतो. गिऱ्हाईक मात्र दुकानात अजून जुनेच प्रश्न विचारतं: मोटार तांब्याची आहे ना, कॉम्प्रेसरची वॉरंटी किती? आता बोर्डाबद्दल विचारायला हवं.

पंखा

फायदा सगळ्यात स्पष्ट दिसतो तो छताच्या पंख्यात. ४८ इंची, म्हणजे १२०० मिमीचा साधा पंखा फुल स्पीडला ७० ते ८० वॅट घेतो. तेवढंच वारं देणारा बीएलडीसी पंखा २८ ते ३५ वॅटमध्ये भागवतो. साध्या पंख्याच्या रोटरला, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाला, स्वतःचं चुंबकत्व नसतं. वीज खर्चून ते त्याच्यात निर्माण करावं लागतं आणि त्यातला बराच भाग उष्णता होऊन जातो. तासन्‌तास चाललेला जुना पंखा बंद करून लगेच हात लावला की मधला भाग गरम लागतो, ती हीच वाया गेलेली वीज. बीएलडीसीच्या रोटरवर कायमचे चुंबक असतात. २३० व्होल्टची एसी वीज आधी बोर्डावर डीसी होते आणि मग एक छोटा कंट्रोलर स्टेटरच्या, म्हणजे स्थिर भागाच्या, वाइंडिंगला पाळीपाळीने वीज देऊन त्या चुंबकांना फिरवत नेतो.

जाहिरातीत कमी दिसणारा फायदा वेगळाच आहे. पाती फिरवायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे वेग निम्मा केला तर आठवा हिस्सा पुरतो. साधा पंखा रेग्युलेटरने हळू केला तरी वीज त्या प्रमाणात उतरत नाही. बीएलडीसी पंखा दोन-तीन नंबरवर १०-१५ वॅटपर्यंत खाली येतो. रात्रभर मंद पंखा लावून झोपणाऱ्या घरात म्हणूनच फरक जास्त पडतो.

हिशोब असा. ४५ वॅटची बचत, रोज १२ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे १६२ युनिट. हे युनिट बिलाच्या शेवटच्या टोकाचे असतात, त्यामुळे त्यांचा दर सरासरी धरायचा नाही. तुमचा वापर ज्या स्लॅबमध्ये संपतो त्या स्लॅबचा धरायचा. महावितरणच्या घरगुती बिलात ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे असतात. वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन यांची बेरीज करून त्याला १.१६ ने गुणा, कारण घरगुती बिलावर १६ टक्के वीज शुल्क लागतं. जो आकडा येईल तो तुमच्या एका युनिटचा खरा भाव. ₹१० जरी धरला तरी पंख्यामागे वर्षाला ₹१,६०० वाचतात आणि साध्या पंख्यापेक्षा जास्त मोजलेले हजार-दीड हजार वर्षभरात वसूल होतात. पण पाहुण्यांच्या खोलीत दिवसाला तासभर चालणाऱ्या पंख्याचे वर्षाला जेमतेम १६ युनिट वाचतील. तिथला जुना पंखा बदलायची गरज नाही, तो फिरू द्या.

१ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर बीईईचं, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं, तारांकन सक्तीचं झालं. तारे ठरतात ते सर्व्हिस व्हॅल्यूवर, म्हणजे मिनिटाला किती घनमीटर हवा याला वॅटने भागून. त्या निकषांत १२०० मिमीच्या पंख्याचा हा आकडा ६ किंवा जास्त आला की पाच तारे. मेख इथे आहे: २१० घनमीटर हवा ३५ वॅटमध्ये देणारा पंखा पाच ताऱ्यांचा आणि २३० घनमीटर २८ वॅटमध्ये देणाराही पाचच ताऱ्यांचा. म्हणून तारे बाजूला ठेवून खोक्यावरचे हवेचा आणि वॅटचा असे दोन्ही आकडे वाचा. "नवा पंखा वारंच देत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा कमी हवेचं मॉडेल मोठ्या हॉलमध्ये लावल्याची असते. मोठ्या खोलीला २२५ च्या वरचं मॉडेल घ्यावं.

बसवताना होणारी सर्वात महाग चूक म्हणजे भिंतीवरचा जुना रेग्युलेटर तसाच ठेवणं. आजचे स्टेपचे रेग्युलेटर आतल्या कॅपॅसिटरने व्होल्टेज पाडतात. बीएलडीसीच्या बोर्डाला ते मानवत नाही: पंखा गुणगुणतो, मध्येच थांबतो आणि काही महिन्यांत बोर्ड जातो. रेग्युलेटर पाच नंबरवर ठेवणं हा उपाय नव्हे. तो वायरिंगमधून काढून थेट जोड द्यायचा आणि मोकळी जागा कोऱ्या प्लेटने बंद करायची. काही कंपन्या रेग्युलेटरवर चालणारे बीएलडीसी पंखे विकतात, पण खोक्यावर तसं छापलेलं असेल तरच विश्वास ठेवा.

रिमोटबद्दल दोन गोष्टी आधी विचारून घ्या. तो इन्फ्रारेडचा असेल तर पंख्याच्या दिशेने धरावा लागतो. रेडिओचा असेल तर पांघरुणातूनही चालतो. आणि रिमोट हरवला तर भिंतीवरचं बटण चालू-बंद करून वेग बदलता येतो का? घरात आजी-आजोबा असतील तर हा प्रश्न वॅटपेक्षा महत्त्वाचा. वीज जाऊन आल्यावर पंखा आधीच्या वेगाने आपोआप सुरू होतो की बंदच राहतो, तेही पाहा. लोडशेडिंगच्या गावात रात्री तीनदा उठून रिमोट शोधायची वेळ येते.

बॅटरीवरच्या इन्व्हर्टरवर मात्र या पंख्यांना तोड नाही. तीन साधे पंखे २२५ वॅट ओढतात, तीन बीएलडीसी ९०. त्याच बॅटरीवर वेळ दुपटीहून जास्त मिळतो, आणि स्क्वेअर वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर साधा पंखा जी घरघर करतो तीही होत नाही.

या क्षेत्रात आपल्याकडे जम बसला त्यात आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या अ‍ॅटमबर्गचा वाटा मोठा. आता सगळेच मोठे पंखेवाले ही मोटार देतात, त्यामुळे ब्रँडपेक्षा गावात सर्व्हिस सेंटर आहे का आणि बोर्ड सुटा मिळतो का, हे विचारणं शहाणपणाचं.

फ्रिज आणि एसी

जुना कॉम्प्रेसर पूर्ण जोराने चालायचा आणि थंड झालं की बंद पडायचा. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर थांबत नाही, कमी वेगाने चालत राहतो. "नवा फ्रिज बंदच होत नाही, बिघडलाय" असे फोन सर्व्हिसवाल्यांना येतात, त्यात बिघाड काही नसतो. फ्रिजच्या दोन्ही बाजू गरम लागतात तेही साहजिक आहे. मागची काळी जाळी गेली आणि उष्णता बाहेर टाकणारी कंडेन्सरची नळी बाजूच्या पत्र्याआड आली. पण त्याचा अर्थ असा की फर्निचरच्या कोनाड्यात दोन्ही बाजूंनी फिट बसवलेला फ्रिज गुदमरतो. कंपनी माहितीपत्रकात जेवढी फट सांगते तेवढी सोडाच. सांगितलं नसेल तर बाजूंना दोन इंच आणि वर चार इंच धरून चाला.

बहुतेक नव्या घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, भरलेला असतो. प्रमाण थोडं, साधारण ५०-६० ग्रॅम, पण तो ज्वलनशील आहे. गळती काढायला आलेला माणूस आधी गॅस उघड्या हवेत सोडून, नायट्रोजनने नळ्या साफ न करताच टॉर्च पेटवत असेल तर त्याला थांबवा. आणि वजनकाट्याशिवाय अंदाजाने गॅस भरणारा नकोच. एवढ्या कमी प्रमाणात दहा ग्रॅम इकडचे तिकडे झाले तरी फ्रिज नीट थंड करत नाही.

लेबलवर ताऱ्यांखाली वर्षाचे युनिट छापलेले असतात. दोन मॉडेलांची तुलना त्या आकड्यावर करा, कारण ताऱ्यांचे निकष बीईई अधूनमधून कडक करते आणि जुन्या लेबलचा पाच तारेवाला नव्या निकषांत खाली उतरतो. गोदामात राहिलेला माल सवलतीत मिळतो तेव्हा लेबलचा कालावधी वाचायला विसरू नका.

एसीच्या लेबलवरचे युनिट वर्षाला १,६०० तासांसाठी असतात. हे कळलं की अर्ध्या लोकांचा निर्णय बदलतो. पुण्यात एप्रिल-मे मध्ये रात्री सहा-सात तास एसी लावणाऱ्या घरात वर्षाचे तास ४०० च्या आसपास भरतात. लेबलवर तीन आणि पाच ताऱ्यांत २०० युनिटांचा फरक दिसत असेल तर तुमच्या घरात तो ५० युनिटांचा. ₹७,००० जास्त देऊन वर्षाला ₹५००-६०० वाचवायचे असतील तर तीन तारे पुरे. मुंबईत आठ महिने रोज रात्री एसी लागणाऱ्या घरात, किंवा दुकानात, गणित नेमकं उलटं. विदर्भात कोरड्या उन्हाळ्यात कूलरच इतकं चांगलं काम करतो की एसी पावसाळ्याच्या तोंडावरच्या दमट आठवड्यांपुरताच लागतो; मुंबई-कोकणात हवेत आधीच पाणी असल्याने कूलर नुसतं दमट वारं फेकतो.

एसी कोणता घेतला यापेक्षा तो कसा बसवला यावर त्याचं आयुष्य जास्त ठरतं. नळ्या जोडल्यावर आतली हवा व्हॅक्यूम पंपाने काढायला हवी, साधारण १५-२० मिनिटं, आणि मग गेजचा काटा दहा मिनिटं स्थिर राहतो का ते बघायचं. घाईतला माणूस बाहेरच्या युनिटमधला थोडा गॅस सोडून "हवा काढली" म्हणतो. आत राहिलेला ओलावा आर-३२ गॅसच्या एसीतल्या तेलात मिसळतो, आम्ल तयार होतं आणि दोन-तीन वर्षांत कॉम्प्रेसरचं वाइंडिंग जातं. तोवर बसवणारा कुठे आणि आपण कुठे. म्हणून भिंतीला भोक पाडायच्या आधी एकच विचारायचं: पंप आणलाय का?

कोकणात आणि गोव्यात बाहेरच्या युनिटच्या बोर्डाला दोन शत्रू: खारी हवा आणि पाली. पाल ऊब शोधत बोर्डावर चढते आणि दोन टोकांना एकदम टेकली की शॉर्ट होतो. वायर आत जाते ती फट रबरी ग्रोमेटने किंवा सिलिकॉनने बंद करून घ्या. काही बोर्डांवर ओलावारोधक लेप असतो. समुद्रकिनारी राहणाऱ्यांनी घेतानाच त्याची चौकशी करावी.

वॉशिंग मशीन थोडक्यात

इन्व्हर्टर मोटारीने आवाज आणि थरथर कमी झाली, बेल्ट असलेलं मॉडेल वाईट असं काही नाही. दुखतं ते पाण्याशी. फ्रंट लोडला साधारण ०.३ ते ०.५ बारचा दाब लागतो, ०.३ बार म्हणजे टाकीतली पातळी नळाच्या तीन मीटर वर. गच्चीच्या लगेच खालच्या मजल्यावर हा दाब मिळत नाही आणि मशीन "पाणी येत नाही" असा कोड दाखवून थांबतं. मेकॅनिकला बोलवायच्या आधी इनलेट पाइप सोडवून वॉल्व्हच्या तोंडावरची बारीक जाळी ब्रशने साफ करा. निम्म्या वेळा तेवढंच असतं. नाहीतर छोटा प्रेशर पंप, किंवा सरळ टॉप लोड.

बोअरच्या जड पाण्यात क्षार हीटरवर साचतात आणि ड्रमला मागून धरणारी अ‍ॅल्युमिनियमची तिपाई झिजते. महिन्या-दीड महिन्यातून एकदा रिकामं मशीन डीस्केलिंग पावडर टाकून गरम पाण्यावर चालवलं तर दोन्ही लांबतं. घेताना एक अवघड प्रश्न विचारा: बाहेरचा टब स्क्रूंनी जोडलेला आहे की वितळवून बंद केलेला? बंद टबात बेअरिंग गेलं तर बेअरिंगच्या पैशात भागत नाही, अख्खा टब बदलावा लागतो.

मिक्सर

इथे मात्र जुनी मोटार अजून हरलेली नाही. सुमीत मिक्सर आला तेव्हापासून भारतीय मिक्सरचं हृदय एकच: कार्बन ब्रशवाली युनिव्हर्सल मोटार, ५०० ते ७५० वॅटची, रिकामी फिरली तर मिनिटाला १८-२० हजार फेरे. तिचा गुण असा की भार वाढला की वेग कमी होतो आणि ताकद आपोआप वाढते, कुठलाही बोर्ड न लागता. भिजवलेली डाळ असो की हळकुंड, ती आपलं आपण जुळवून घेते. ब्रश झिजले की जोडी शंभरेक रुपयांत मिळते. फटीतून निळसर बारीक ठिणग्या दिसणं स्वाभाविक. पूर्ण गोल पेटलेला दिसला तर आर्मेचर, म्हणजे मोटारीचा फिरता भाग, जातंय.

नेहमीच्या तीन तक्रारी आणि त्यांची कारणं सांगून टाकतो. मिक्सर एकदम बंद पडला तर खालचं लाल बटण, म्हणजे ओव्हरलोड, उडालेलं असतं; पाच-दहा मिनिटं थंड होऊ द्या, भांड्यातला माल निम्मा करा आणि मग दाबा. मोटार फिरते पण पातं नाही, तर कपलर, म्हणजे मोटार आणि भांडं जोडणारा भाग, तुटला आहे. तो मोटार वाचावी म्हणून मुद्दाम नरम केलेला भाग आहे, धातूचा "पक्का" कपलर बसवू नका. भांड्याखाली काळपट ओल दिसली तर भांड्याच्या बुशाची सील गेली आहे. हे दुर्लक्षित राहिलं की पाणी थेट मोटारीत उतरतं आणि शंभराचं काम हजारावर जातं.

बीएलडीसी मिक्सर आता मिळतात. आवाज कमी, आणि त्यांची खरी कमाई कमी वेगात आहे. शेंगदाण्याचं कूट घ्या. साध्या मिक्सरवर पहिल्या नंबरवरही पातं इतकं पळतं की खाली तेल सुटून लगदा होतो आणि वर अख्खे दाणे राहतात. म्हणून आपण इंचरवर, म्हणजे क्षणभर चालवणाऱ्या नंबरवर, टकटक करत बसतो. वेग खरोखर खाली आणता येणाऱ्या मोटारीवर कूट मोकळं, रवाळ येतं. खलबत्त्यातल्यासारखी भरड चटणीही जमते. पण किंमत साध्याच्या जवळपास दुप्पट आणि बोर्ड गेला तर गल्लीतला मिस्त्री हात वर करणार. रोज डोसे-इडलीचं वाटण आणि आठवड्याला खोबऱ्याची चटणी एवढंच काम असेल तर ७५० वॅटचा साधा मिक्सर घ्या. पुरणासाठी तसंही पुरणयंत्रच बरं.

इंडक्शन: गॅसपेक्षा स्वस्त की महाग?

यावर वर्षानुवर्षं वाद चालतो आणि गणित मात्र चार ओळींचं आहे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो एलपीजी. एका किलोत साधारण १२.७ युनिटांइतकी उष्णता, म्हणजे सिलिंडरमध्ये सुमारे १८०. शेगडीची कार्यक्षमता ६० ते ६८ टक्के धरली तर भांड्यात पोचतात १०८ ते १२२. इंडक्शनची कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच स्वयंपाकाला १२७ ते १४४ युनिट लागतात, मधला आकडा १३५. आता सिलिंडरच्या किमतीला १३५ ने भागा. सिलिंडर ₹९०० चा असेल तर ₹६.६७ येतात. तुमच्या शेवटच्या स्लॅबचा खरा दर याच्या खाली असेल तर इंडक्शन स्वस्त, वर असेल तर गॅस. महावितरणच्या १०१-३०० च्या टप्प्यातच हा दर ₹६.६७ च्या बराच वर जातो, त्यामुळे मध्यमवर्गीय घरात पूर्ण स्वयंपाक इंडक्शनवर नेला तर बिल वाढणार. छतावर सोलर असेल तर चित्र पालटतं. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ₹७८,००० अनुदान मिळतं, आणि दुपारी तयार होणारी वीज घरातच वापरायला कुकर आणि भाजी इंडक्शनवर ठेवणं हा चांगला मार्ग.

पैशापलीकडे इंडक्शनची सोय आहेच: ओट्यापाशी उकाडा कमी, दुधावर टायमर, सिलिंडर संपला तर आधार. घेणार असाल तर आधी भिंतीकडे बघा. २,००० वॅट म्हणजे जवळपास ९ अँपिअर. मिक्सरचा ६ अँपिअरचा सॉकेट यासाठी नाही. त्यात प्लग काळवंडतो, मग सॉकेट वितळतो. १६ अँपिअरचा सॉकेट, त्याला स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच), आणि तांब्याची वायर किमान २.५ चौरस मिमी, शक्य तर ४. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. बिलावरचा मंजूर भारही तपासा. १ किलोवॅटवर इंडक्शन आणि गिझर एकदम लावले तर मुख्य एमसीबी पडत राहील.

भांड्याच्या तळाला चुंबक घट्ट चिकटला पाहिजे आणि तळ सपाट हवा. साधं अ‍ॅल्युमिनियम, तांबं, पितळ चालत नाही. "इंडक्शन बेस" म्हणून विकल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या कुकरला खाली स्टीलची चकती दाबून बसवलेली असते. ती तळापेक्षा फारच लहान असेल तर उष्णता मध्येच राहते आणि खालचा भात लागतो. फोडणीचं कढलं तर शेगडी ओळखतच नाही, कारण बहुतेक मॉडेलांना किमान १२ सेंटिमीटर व्यासाचा तळ लागतो. त्यामुळे वरणाला वरून फोडणी द्यायची सवय असेल तर लहान सपाट तळाची कढई वेगळी घ्यावी लागते. भाकरीचं म्हणाल तर सपाट बिडाच्या तव्यावर ती भाजते, पण कडेला कच्ची राहू नये म्हणून सरकवत फिरवावी लागते, आणि टम्म फुगवायला, पापड भाजायला, भरताचं वांगं करपवायला उघडी आच लागतेच. पातळ लोखंडी तवा रिकामा ठेवून एकदम पूर्ण वॅटवर तापवला तर मधून वाकतो आणि मग कधीच सपाट बसत नाही; ८०० वॅटवर दोन-तीन मिनिटं तापवून मग वाढवा.

स्वस्त शेगड्यांचा एक दोष दुकानात कळत नाही. ३०० वॅट लावले तरी त्या सलग ३०० देत नाहीत. हजारेक वॅट काही सेकंद देतात, मग थांबतात, मग परत देतात. दूध उसळतं, बसतं, पुन्हा उसळतं. बासुंदी किंवा खवा आटवताना याच झटक्यांनी तळ लागतो. घ्यायच्या आधी सर्वात खालच्या सेटिंगवर पाण्याचं भांडं ठेवून बघायचा आग्रह धरा.

बिघाडात पहिला नंबर आयजीबीटीचा, म्हणजे कॉइलला वीज पुरवणाऱ्या मुख्य ट्रान्झिस्टरचा. तो तापून मरतो. खालची जाळी पीठ आणि तेलाने बुजली, किंवा शेगडी प्लास्टिकच्या टेबलक्लॉथवर ठेवल्याने तो कापड पंख्याने ओढून जाळीला चिकटला, की संपलं. स्वयंपाक झाल्यावर आतला पंखा मिनिट-दोन मिनिटं चालू राहतो. भिंतीचं बटण लगेच बंद करून त्याला मारू नका. दुसरं कारण झुरळं. ऊब आणि खरकटं दोन्ही मिळतं, आणि त्यांची विष्ठा बोर्डावर ओलसर होऊन शॉर्ट करते. एरर कोडचा अर्थ मात्र प्रत्येक कंपनीचा वेगळा, त्यामुळे इंटरनेटवर दुसऱ्याच मॉडेलचा कोड वाचून भाग मागवू नका.

एअर फ्रायरबद्दल इतकंच: तो छोटा, जोरात वारा फिरवणारा ओव्हन आहे, कढई नव्हे. पातळ पिठातली भजी त्यात खाली गळतात आणि वारा पीठ उडवतो. उकडलेली कोथिंबीर वडी, कटलेट, तेलाचा हात लावलेला साबुदाणा वडा १८० अंशांवर १२-१५ मिनिटांत, मध्ये एकदा उलटून, चांगला होतो. चार जणांच्या घरात ४ लिटरच्या फ्रायरमध्ये दोन घाणे काढावे लागतात, हे धरून चाला.

वीजपुरवठा आणि बोर्ड

इतके बोर्ड घरात आले की पुरवठ्याची काळजी वेगळीच करावी लागते. सर्वात घातक प्रकार म्हणजे न्यूट्रल तुटणं. इमारतीत थ्री फेज येतो; खालचा न्यूट्रल सैल झाला की कोणाच्या घरात १५० व्होल्ट, कोणाच्या घरात ३५० च्या वर. एका संध्याकाळी एकाच विंगमधले टीव्ही, फ्रिज, राउटर सगळे उडतात ते यामुळे. स्पाइक गार्डची पट्टी यात उपयोगाची नाही, ती क्षणभराच्या झटक्यासाठी असते. "स्टॅबिलायझरशिवाय चालतो" या ओळीवरही विसंबू नका, तिच्याखाली लहान अक्षरात व्होल्टेजची मर्यादा छापलेली असते. मुख्य डीबीमध्ये, म्हणजे घराच्या वीज-पेटीत, एमसीबीशेजारी बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर लावून घ्या. वरची मर्यादा २७० आणि खालची १७० च्या आसपास, आणि वीज परत आल्यावर तीन मिनिटांचा विलंब ठेवायचा म्हणजे कॉम्प्रेसरलाही सवड मिळते.

अर्थिंग आहे का हे प्लगच्या तिसऱ्या भोकावरून ठरत नाही. मल्टिमीटरने फेज आणि अर्थमध्ये २३० च्या जवळ, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. यावरून अर्थ जोडलेला आहे इतकंच कळतं. तो किती चांगला आहे हे अर्थ टेस्टर असलेल्या वायरमनकडूनच मोजून घ्यावं.

आरसीसीबी, म्हणजे वीज अर्थकडे गळली की पुरवठा तोडणारा स्विच, विनाकारण पडतो अशी तक्रारही नवी यंत्रं आल्यापासून वाढली आहे. त्यांच्या फिल्टरमधून प्रत्येकी मिलिअँपिअर-दोन मिलिअँपिअर गळती अर्थकडे जातच असते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी प्रत्यक्षात २० च्या आसपासही पडू शकतो. दोन एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक एकाच आरसीसीबीवर असतील तर पावसाळ्यात थोडी ओल आली की तो पडतो. इलाज तो काढून टाकणं नाही, जो अनेक वायरमन सर्रास करतात. दोन आरसीसीबी लावून भार विभागायचा.

वॉरंटीची भाषा आणि दुरुस्ती

"कॉम्प्रेसरवर १० वर्षं" म्हणजे फक्त कॉम्प्रेसर. गॅस, मजुरी, येण्याजाण्याचे पैसे आणि मुख्य म्हणजे बोर्ड त्यात नसतो. दुकानदाराला विचारायचं ते असं: बोर्डवर किती वर्षं, वाढीव वर्षासाठी ऑनलाइन नोंदणी किती दिवसांत करायची, आणि वॉरंटीनंतर या मॉडेलचा बोर्ड कितीला? शेवटचं उत्तर दुकानात मिळत नसेल तर तिथूनच कंपनीच्या सर्व्हिस क्रमांकावर फोन लावा. बोर्डाची किंमत यंत्राच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त निघाली तर मी दुसरं मॉडेल बघतो. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टु रिपेअर पोर्टल सुरू केलं, त्यावर काही कंपन्यांची सर्व्हिस आणि सुट्या भागांची माहिती असते. वॉरंटीतला भाग टाळाटाळ करून देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. बिल आणि जॉब शीटचा फोटो जवळ ठेवा.

वॉरंटी संपल्यावर कंपनीचा माणूस "बोर्डच बदला" म्हणणार, त्याच्याकडे दुसरा पर्यायच नसतो. पण मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि आसपास, तसंच बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी बोर्ड उघडून दुरुस्त करणारे लोक आहेत. व्होल्टेज वाढून गेलेल्या बोर्डात बऱ्याचदा फ्यूज, झटका झेलणारा निळा एमओव्ही, फुगलेला कॅपॅसिटर किंवा आयजीबीटी गेलेला असतो. भाग स्वस्त, मजुरीच जास्त. कंट्रोलरची चिप गेली असेल तर सहसा नाद सोडावा, कारण तिच्यात कंपनीचा प्रोग्रॅम असतो. बोर्ड नेताना मॉडेल क्रमांकाच्या स्टिकरचा आणि सगळ्या जोडण्यांचा फोटो काढून न्या, आणि यंत्र बंद केल्यावर मोठ्या कॅपॅसिटरला दहा मिनिटं तरी हात लावू नका, त्यात ३०० व्होल्ट शिल्लक असतात. वॉशिंग मशीनच्या बोर्डांवर ओलाव्यापासून बचावासाठी बऱ्याचदा पारदर्शक राळ ओतलेली असते. ती मऊ, रबरासारखी असेल तर कोरून काढता येते, कडक काचेसारखी असेल तर दुरुस्ती करणारा हातही लावत नाही. अशा वेळी त्याच मॉडेलच्या भंगारात निघालेल्या मशीनचा चालू बोर्ड मिळतो का, ते तिथेच विचारा.